छोटी लिंक, स्वतःच्या नावाची

मराठी विकिपीडियावरचा ‘महाराष्ट्र’ हा लेख उघडा आणि पत्त्याच्या पट्टीतून त्याची लिंक कॉपी करून व्हॉट्सॲपवर चिकटवा. बहुतेक वेळा तिथे ‘महाराष्ट्र’ हा शब्द दिसतच नाही. टक्केचिन्हे, आकडे आणि रोमन अक्षरे यांची एक लांबलचक माळ उतरते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग तो काना असो वा हलन्त, यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते आणि लिंकमध्ये प्रत्येक बाइट टक्केचिन्ह धरून तीन खुणांनी लिहावा लागतो. म्हणजे एका चिन्हामागे नऊ खुणा. ‘महाराष्ट्र’ या शब्दात अशी दहा चिन्हे आहेत, म्हणून नव्वद खुणा; शब्दाआधीचा पत्ता धरला की लिंक १२० खुणांची होते. व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर किंवा दिवाळी अंकात ती छापायची कशी आणि वाचकाने टाइप करायची कशी?

क्यूआर कोड काढला म्हणून सुटका होत नाही. १२० खुणांचा कोड मध्यम त्रुटीसुधारणा पातळीवर ४५ बाय ४५ चौकोनांचा होतो. लिंक २५ खुणांची असेल तर तोच कोड २५ बाय २५ मध्ये बसतो. साध्या कागदावर, कमी शाईत, एक इंच जागेत छापताना हा फरक फार मोठा ठरतो.

लिंक छोटी करून देणाऱ्या फुकट सेवा आहेत. ‘टायनीयूआरएल’ २००२ पासून आहे आणि ‘बिटली’ २००८ पासून. मग स्वतःच्या सर्व्हरवर हा खटाटोप कशासाठी? तर गूगलच्या ‘गू डॉट जीएल’चे काय झाले ते बघा. डिसेंबर २००९ मध्ये ही सेवा आली. २०१८ मध्ये गूगलने ती गुंडाळण्याचे जाहीर केले आणि मार्च २०१९ अखेर नव्या लिंक बंद झाल्या. जुन्या चालू राहतील असे वाटत असतानाच जुलै २०२४ मध्ये घोषणा झाली, की २५ ऑगस्ट २०२५ नंतर जुन्याही उघडणार नाहीत. मुदत तोंडावर आल्यावर कंपनीने थोडी माघार घेतली आणि वापरात असलेल्या लिंक राखल्या. पण ग्रंथालयाच्या कपाटात पडून असलेल्या पुस्तकातली लिंक ‘वापरात’ आहे हे गूगलला कळणार कसे? दुसरा धोका डोमेनच्या शेपटाचा. ‘डॉट एलवाय’ हे लिबियाचे शेपूट आहे. २०१० मध्ये तिथल्या नोंदणीसंस्थेने ‘व्हीबी डॉट एलवाय’ ही अशीच एक छोट्या लिंकची सेवा बंद पाडली होती.

तेव्हा ज्याची लिंक कागदावर छापली जाणार आहे त्याने ती स्वतःच्या डोमेनवर ठेवावी, हे माझे स्पष्ट मत आहे. रोजच्या गप्पांत टाकायच्या लिंकसाठी मात्र हे काहीही करू नका. आणि छापायच्या लिंकही वर्षाला दहा-वीसच असतील, तर वेगळे सॉफ्टवेअर कशाला? संस्थेचे संकेतस्थळ ज्या सर्व्हरवर आहे तिथल्या अपाची किंवा एनजिनएक्सच्या सेटिंग फाइलमध्ये एका लिंकला एक ओळ लिहिली की काम होते. सॉफ्टवेअरचा उपयोग होतो तो लिंक वाढल्या, त्या करणारे हात एकाहून जास्त झाले किंवा कोणती लिंक किती उघडली हे पाहायचे असले की.

अशा कामासाठी मी ‘युअर्ल्स’ सुचवतो. २००९ पासून चालत आलेले, पीएचपीत लिहिलेले, मुक्तस्रोत आणि फुकट. दिसायला जुनाट आहे, पण संस्थेत संगणकाची थोडीफार माहिती असलेल्या कोणालाही ते सांभाळता येते. ‘श्लिंक’ अधिक आधुनिक आहे, पण त्याचा कारभार मुख्यतः टर्मिनलवरून चालतो आणि ब्राउझरमधला पडदा वेगळा जोडावा लागतो. ‘कट’ हे नोड जेएसवर चालते. डॉकरची सवय असेल आणि फक्त स्वतःपुरते हवे असेल, तर बंगाली नावाचे ‘छोटो यूआरएल’ हे चिमुकले सॉफ्टवेअर जरूर पाहा.

आता डोमेन. संस्थेचे डोमेन आधीपासून असेल तर नवे घेऊ नका. त्याचेच ‘गो’ असे एक उपडोमेन करा. ते फुकटात होते आणि वाचकाला ओळखीचे नाव दिसते. नवे घ्यायचे तर ‘डॉट इन’ बरे. ते भारतातल्या निक्सी या संस्थेच्या अखत्यारीत आहे. नाव फोनवर सांगता येईल असे निवडा. शून्य आणि ‘ओ’, एक आणि लहान ‘एल’ असे घोळ घालणारी अक्षरे नावात नकोत. ‘डॉट भारत’चा मोह होईल, पण छोट्या लिंकसाठी तो आवरा: हे देवनागरी नाव आतल्या आत ‘एक्सएन’ने सुरू होणाऱ्या रोमन रूपात बदलते आणि कॉपी करताना अनेकदा तेच रूप बाहेर येते. मग छोटेपणा गेलाच.

सर्व्हर भाड्याचाच घ्या. घरच्या ब्रॉडबँडवर जुना संगणक लावायचा विचार अनेकांच्या मनात येतो, पण अनेक घरगुती जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक आयपी मिळत नाही आणि वीज गेली की छापलेली प्रत्येक लिंक बंद. एक जीबी रॅमचा सर्वांत लहान आभासी सर्व्हर या कामाला पुरतो. त्यावर डेबियन १२ किंवा उबंटू २४.०४ घ्या, दोन्हींत युअर्ल्सला चालेल इतके नवे पीएचपी मिळते. पुढच्या सगळ्या आज्ञा मी वाचून दाखवाव्यात तशा लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या.

सर्वांत आधी डीएनएसमध्ये उपडोमेनची ‘ए’ नोंद सर्व्हरच्या आयपीकडे वळवा. हे काम पहिले करा, कारण नोंद पसरायला वेळ लागतो आणि ती पसरल्याशिवाय पुढे सुरक्षा प्रमाणपत्र मिळणार नाही. तोवर सर्व्हरवर ‘सुडो ॲप्ट अपडेट’ आणि ‘सुडो ॲप्ट अपग्रेड’ चालवा. मग अपाची, मारियाडीबी सर्व्हर, पीएचपी, अपाचीचे पीएचपी मॉड्यूल आणि पीएचपीचे मायएसक्यूएल, कर्ल, एमबीस्ट्रिंग व इंटल हे चार जोड घ्या. फायरवॉल लावली असेल तर ८० आणि ४४३ ही दोन्ही दारे उघडा. सर्व्हर देणाऱ्या कंपनीच्या नियंत्रणपानावर अनेकदा वेगळी फायरवॉल असते. तिकडेही ही दोन दारे उघडी आहेत का ते बघा.

डेटाबेस तयार करायला ‘सुडो मारियाडीबी’ एवढेच पुरते. आत गेल्यावर तीन गोष्टी करायच्या: एक रिकामा डेटाबेस, एक नवा वापरकर्ता आणि त्या वापरकर्त्याला फक्त त्याच डेटाबेसवरचे सर्व हक्क. रूट खात्याने युअर्ल्स जोडू नका. इथला पासवर्ड लांब ठेवा. तो रोज टाइप करायचा नाहीच.

युअर्ल्सची अधिकृत प्रत गिटहबच्या ‘रिलीजेस’ पानावरून घ्या. मुख्य शाखेतून क्लोन केलेत तर विकासात असलेला, अजून न तपासलेला भागही सोबत येतो. गठडी उघडून आतल्या फाइल ‘व्हार’मधल्या ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ फोल्डरखाली ‘युअर्ल्स’ नावाच्या फोल्डरात ठेवा आणि त्या फोल्डरची मालकी ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ या वापरकर्त्याला द्या. अपाची याच नावाने वावरतो.

पुढची पायरी नवशिक्याला हमखास अडवते, म्हणून इथे जरा थांबतो. अपाचीच्या ‘साइट्स-अव्हेलेबल’ फोल्डरमध्ये तुमच्या उपडोमेनसाठी एक नवी फाइल करायची. तिच्यात सर्व्हरचे नाव, फाइलचे ठिकाण आणि त्या फोल्डरसाठी ‘अलाउओव्हरराइड ऑल’ ही ओळ हवी. ही ओळ नसेल तर काय होते बघा. नियंत्रणपान छान उघडते, लॉगिन होते, लिंकही तयार होते. पण ती छोटी लिंक उघडायला गेले की ‘४०४, पान सापडले नाही’. युअर्ल्स आपले काम ‘डॉट एचटीॲक्सेस’ या फाइलमधल्या नियमांवर चालवते आणि डेबियन-उबंटूतला अपाची ‘व्हार-डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’खालची ही फाइल मुळात वाचतच नाही. वाचायला लावणारी ओळ आपण लिहायची असते. जोडीला रीराइट मॉड्यूलही चालू करावे लागते: ‘सुडो एटूएनमॉड रीराइट’. मग ‘एटूएनसाइट’ने नवी साइट चालू करायची आणि अपाची रीलोड करायचा. छोट्या लिंकला ४०४ दिसले की आधी या दोन गोष्टी तपासा. बहुधा दोष यांतल्याच एकात सापडतो. एनजिनएक्स वापरणाऱ्यांना ‘डॉट एचटीॲक्सेस’चा उपयोगच नाही. त्यांनी न सापडलेली प्रत्येक विनंती ‘युअर्ल्स-लोडर डॉट पीएचपी’कडे वळवणारी ‘ट्राय-फाइल्स’ची ओळ लिहायची.

लॉगिन करण्याआधी एचटीटीपीएस चालू करा, नाहीतर पहिलाच पासवर्ड उघड्यावर जाईल. प्रमाणपत्र मिळवून देणारे सर्टबॉट आणि त्याचा अपाचीसाठीचा जोड ॲप्टमधून घ्या, ‘सुडो सर्टबॉट’ला अपाचीचा पर्याय देऊन चालवा आणि उपडोमेन निवडा. लेट्स एन्क्रिप्टचे हे प्रमाणपत्र ९० दिवसांचे असते आणि आपोआप नवे होते. ते खरेच होणार का, हे सर्टबॉटच्या ‘रिन्यू’ आज्ञेला ‘ड्राय-रन’ जोडून आजच तपासा. मुदत संपत आल्याची ईमेल लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ पासून बंद केली आहे. म्हणजे नूतनीकरण अडले तर ते तुम्हाला वाचकाच्या तक्रारीवरून कळेल.

आता सेटिंग. ‘यूजर’ फोल्डरमधल्या ‘कॉन्फिग-सॅम्पल डॉट पीएचपी’ची नक्कल ‘कॉन्फिग डॉट पीएचपी’ या नावाने करा आणि ‘नॅनो’ या संपादकात उघडा. डेटाबेसचे नाव, वापरकर्ता, पासवर्ड हे सरळ आहे. ‘युअर्ल्स साइट’मध्ये एचटीटीपीएससकट पूर्ण पत्ता लहान अक्षरांत लिहा, शेवटी तिरकी रेघ न देता. कुकीसाठीची गुप्त माळ म्हणून कोणतीही लांब, अर्थहीन अक्षरे टाका. खाली वापरकर्त्यांची नावे आणि पासवर्ड लिहायची जागा आहे. पासवर्ड साधाच लिहायचा. फाइल लिहिण्याजोगी असेल तर पहिल्या लॉगिनच्या वेळी युअर्ल्स त्याचे सांकेतिक रूप करून तीच ओळ बदलते. तसे झाले का ते नंतर फाइल पुन्हा उघडून पाहा आणि मग इतरांना ती वाचता येणार नाही अशा परवानग्या लावा. प्रत्येक माणसाला वेगळे खाते द्या. एकच ‘ॲडमिन’ सगळ्यांनी वापरायची आपल्या संस्थांमधली पद्धत इथे नको.

दोन सेटिंग विचारपूर्वक ठरवा. पहिले, लिंकच्या अक्षरांचे: ३६ निवडले तर फक्त आकडे आणि लहान अक्षरे, ६२ निवडले तर मोठी अक्षरेही. छापील कामासाठी ३६च ठेवा. फोनवर ‘कॅपिटल आर, स्मॉल के’ सांगत बसणे कोणाला परवडते? एकदा लिंक बनायला लागल्या की हे सेटिंग बदलायचे नाही, नाहीतर जुन्या लिंकचा मेळ तुटतो. दुसरे सेटिंग ‘युनिक यूआरएल्स’चे. ते चालू असेल तर एका मोठ्या पत्त्याला एकच छोटी लिंक मिळते. बंद केले तर एकाच पानासाठी भित्तिपत्रकाची वेगळी, पत्रिकेची वेगळी आणि व्हॉट्सॲपची वेगळी अशा लिंक करता येतात आणि लोक कुठून आले ते कळते. संस्थांनी ते बंद करावे असे मला वाटते.

ब्राउझरमध्ये आपल्या उपडोमेनपुढे तिरकी रेघ आणि ‘ॲडमिन’ लिहून पान उघडा, स्थापनेचे बटण दाबा. डेटाबेसमध्ये तीन तक्ते तयार होतात आणि ‘डॉट एचटीॲक्सेस’ फाइल लिहिली जाते. लॉगिन करा, विकिपीडियाची ती १२० खुणांची लिंक टाका आणि शेजारच्या चौकटीत स्वतःच्या पसंतीचा शब्द द्या. शब्द रोमनमध्येच लागतो, देवनागरी चालत नाही. मधली छोटी रेघ हवी असेल तर सोबत आलेल्या प्लगइनपैकी तेवढ्यासाठीचे चालू करा. शब्द दिला नाहीत तर युअर्ल्स १, २, ३ अशा क्रमाने लिंक वाटत जाते आणि कोणीही पुढचा आकडा टाकून तुमच्या बाकीच्या लिंक चाळू शकते. क्रम नको असेल तर ‘रँडम शॉर्टयूआरएल्स’ हे प्लगइन सोबतच असते.

तपासायला टर्मिनलवर ‘कर्ल’ आज्ञा मोठ्या ‘आय’च्या पर्यायासह आपल्या छोट्या लिंकवर चालवा. उत्तरात पहिल्या ओळीत ३०१ आणि खाली ‘लोकेशन’च्या ओळीत विकिपीडियाचा पत्ता दिसला की जमले. हे ३०१ म्हणजे ‘पत्ता कायमचा बदलला’ असा निरोप, आणि ब्राउझर तो लक्षात ठेवू शकतो. म्हणून लिंकचे लक्ष्य पुढे कधी बदललेत, तर स्वतःच्या रोजच्या ब्राउझरवर भरवसा ठेवू नका. खाजगी खिडकीत किंवा दुसऱ्याच्या फोनवर उघडून पाहा.

‘युअर्ल्स प्रायव्हेट’ हे सेटिंग कायम चालूच ठेवा. लोकसेवा म्हणून कोणालाही लिंक करू द्यायची कल्पना गोड वाटते, पण फसवणुकीच्या लिंक लपवणारे बॉट असे दार शोधतच असतात. ते आत शिरले की ब्राउझर तुमच्या अख्ख्या डोमेनवर लाल इशारा दाखवतील आणि पत्रिकेवरची निरागस लिंकही त्यात भरडली जाईल. याच कारणाने उपडोमेनचे मुखपृष्ठ रिकामे सोडू नका. ही कोणत्या संस्थेची सेवा आहे, संपर्क कुठे करायचा, एवढे सांगणारे दोन ओळींचे पान ठेवा. संस्था व्यावसायिक एसएमएस पाठवत असेल तर आणखी एक: १ ऑक्टोबर २०२४ पासून दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या आदेशाने मान्य यादीत न नोंदलेली लिंक असलेले असे संदेश अडवले जातात. स्वतःचे डोमेन असले तरी दूरसंचार कंपनीकडे ते आधी नोंदवावे लागतेच.

आकडेवारी पाहायला छोट्या लिंकच्या शेवटी अधिकचे चिन्ह लावायचे. किती वेळा, कोणत्या देशातून, कोणत्या पानावरून, असे तक्ते दिसतात. आकडे फुगलेले असतात हे धरून चाला; शोधयंत्रांचे आणि पूर्वदृश्य दाखवणाऱ्या ॲपचे फेरेही त्यात मोजले जातात. कार्यकारिणीच्या अहवालात ‘इतक्या वाचकांनी भेट दिली’ असे लिहू नका. शिवाय या नोंदींत प्रत्येक भेटीचा आयपी पत्ता साठतो. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर उगाच साठवलेली माहिती म्हणजे नसती जबाबदारी. आकडे कोणी बघत नसेल तर कॉन्फिग फाइलमध्ये ‘युअर्ल्स नोस्टॅट्स’ची ओळ घालून नोंदी सरळ बंद करा.

राहिली देखभाल. रोज रात्री ‘मारियाडीबी-डंप’ने डेटाबेसची प्रत निघेल अशी क्रॉनमध्ये सोय करा आणि ती प्रत त्याच सर्व्हरवर न ठेवता बाहेर पाठवा. ‘यूजर’ फोल्डरचीही प्रत हवी, कारण सेटिंग आणि प्लगइन तिथे असतात. या दोन गोष्टी हाती असल्या की सर्व्हर उद्या बुडाला तरी नव्या ठिकाणी सगळ्या लिंक तशाच उभ्या राहतात. एकदा रिकाम्या सर्व्हरवर हे करून पाहा. युअर्ल्सची नवी आवृत्ती आली की बॅकअप घ्यायचा, ‘यूजर’ फोल्डर सोडून बाकी फाइल बदलायच्या आणि नियंत्रणपान सांगेल तसा डेटाबेस अद्ययावत करायचा.

खरी अडचण येते ती डोमेनच्या मालकीत. मंडळाचे डोमेन एखाद्या उत्साही कार्यकर्त्याच्या खाजगी ईमेलवर नोंदलेले असते. तो नोकरीनिमित्त पुण्याहून बंगळुरूला किंवा परदेशी जातो, नूतनीकरणाची सूचना त्याच्या न उघडलेल्या पेटीत पडून राहते आणि डोमेन सुटते. सुटलेली डोमेन विकत घेऊन त्यांवर जुगाराची पाने लावणारे लोक आहेत. तुमच्या स्मरणिकेतला क्यूआर कोड मग तिकडे नेतो. तेव्हा नोंदणी संस्थेच्या ईमेलवर करा, तो ईमेल दोघांच्या हाती ठेवा आणि परवडत असेल तर पाच वर्षांचे पैसे एकदम भरा. अंक छापखान्यात जाण्यापूर्वी शेवटचे प्रूफ तपासणाऱ्याला एक काम आणखी सांगा: कागदावरची प्रत्येक छोटी लिंक त्याने स्वतःच्या फोनवर टाइप करून उघडायची आणि प्रत्येक क्यूआर कोड त्या कागदावरूनच स्कॅन करायचा.